आम्ही जुनी गाडी घेतली

दोन वर्षांपूर्वीची, जुलै महिन्यातली गोष्ट. येरवड्याला एका नातेवाइकांकडे नामकरणाचा कार्यक्रम होता. तो आटोपून रात्री साडेनऊच्या सुमारास आम्ही दापोडीला परत निघालो. स्कूटर एक आणि माणसे चार. पुढे पाय ठेवायच्या जागेत चार वर्षांचा मुलगा उभा, मागे नऊ वर्षांची मुलगी, तिच्या मागे पत्नी, आणि पत्नीच्या हातात पिशवी. बोपोडी सोडून हॅरिस पुलावर आलो आणि पावसाने जोर धरला. शेजारून एक ट्रक गेला. त्याने उडवलेले पाणी तोंडावर आले आणि स्कूटर हेलपाटली. तेवढ्यात ध्यानात आले, की मुलगा उभ्या उभ्या झोपला आहे. त्याचे हात हँडलवरून सुटले होते आणि डोके एका बाजूला कलले होते.

स्कूटर कशीबशी पुलाच्या कडेला घेतली. पाच मिनिटे आम्ही चौघे पावसात उभे होतो. कोणी काही बोलले नाही. घरी आल्यावर मुलांची डोकी पुसता पुसता आई एवढेच म्हणाली, "आज वाचलात. रोज नाही वाचणार."

आमच्याबद्दल थोडे सांगायला हवे. आम्ही एका कचेरीत कारकून आहोत. शिक्षण बी.कॉम. संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी वस्तीत जमेल ते काम करतो. कुणाचे रेशन कार्ड, कुणाच्या मुलाचा दाखला, कुणाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज. त्याच वर्षी एका शाळेत मुलांना वाहतुकीचे नियम सांगायला आम्हीच उभे राहिलो होतो. दुचाकीवर दोघांपेक्षा जास्त बसू नये, हे वाक्य आमच्याच तोंडचे. आणि पुलावर रात्री स्कूटरवर चौघे, तेही आम्हीच. त्या रात्री झोप लागली नाही ती पावसामुळे नव्हे.

कचेरीत जायला आम्हाला गाडी लागत नाही. दापोडीला मेट्रो आली, आम्ही तिनेच जातो. अडचण येते ती रात्रीची, पावसाची, आजारपणाची आणि कार्यक्रमांची. आईचे गुडघे गेले आहेत. रिक्षावाला दरवेळी हो म्हणतोच असे नाही. तेव्हा ठरले, की चारचाकी घ्यायची, छोटी घ्यायची आणि जुनी घ्यायची.

जुनीच का, याचे उत्तर बी.कॉम.च्या पुस्तकात आहे. आम्ही घसारा शिकलो तो परीक्षेपुरता. तो कधी घरात उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. आयकराच्या हिशेबात मोटारगाडीवर घटत्या शिल्लक पद्धतीने वर्षाला १५ टक्के घसारा धरतात. ६ लाखांची नवी गाडी पहिल्या वर्षाअखेर ५ लाख १० हजारांची होते, दुसऱ्या वर्षाअखेर ४ लाख ३३ हजार ५०० ची, आणि पाच वर्षांनी २ लाख ६६ हजारांच्या आसपास येते. बाजार पुस्तकाप्रमाणे चालत नाही हे खरे. काही गाड्या जास्त उतरतात, काही कमी. पण मुद्दा तोच राहतो. पहिली पाच वर्षे जो मालक असतो तो निम्म्याहून अधिक किंमत सोसतो. ती किंमत सोसण्याची आमची ऐपत नाही. ज्याची आहे त्याने सोसावी आणि मग गाडी आम्हाला द्यावी, असा आमचा साधा विचार.

पैशाचा हिशेब असा मांडला. दीड लाख शिलकीत होते. नोकरदारांच्या पतसंस्थेतून आणखी दीड लाख कर्ज मिळत होते. एकूण ३ लाख. त्यातले ४० हजार गाडीच्या किमतीत धरायचे नाहीत, असे वहीत लाल शाईने लिहून ठेवले. नाव बदलणे, विमा, टायर, बॅटरी यांसाठी ते बाजूला. जुनी गाडी घेणारे बहुतेक जण इथेच चुकतात. असेल नसेल तेवढा पैसा गाडीत घालतात आणि पहिल्याच महिन्यात टायरसाठी उसने मागतात.

आता प्रश्न आला, कोणती घ्यायची. शेजारचे, कचेरीतले, नात्यातले, सगळ्यांचे मत एकच. "जुनी साधी मारुती घ्या. आपल्याला दिखावा काय करायचाय?" आम्हालाही ते पटत होते. पटले नाही ते पत्नीला. ती म्हणाली, "शंभर रुपयांचे ब्लाउजपीस घेताना आपण रंग बघतो. तीन लाखांची वस्तू घेताना का बघायचा नाही? स्वस्त असावी हे कबूल. पण दिसायला नीटस असावी. रोज दारात उभी राहणार आहे."

आम्हाला आमचे वडील आठवले. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. त्यांची सायकलही जुनीच घेतलेली होती. दर रविवारी सकाळी ती उलटी करून ते चाकाचा एकेक आरा फडक्याने पुसत. घंटीला लिंबू चोळत. आम्ही विचारायचो, "दादा, जुन्या सायकलीला एवढे कशाला?" ते म्हणायचे, "जुनी आहे म्हणूनच. नवी आपोआप चमकते." तेव्हा देखणेपणाची हौस आमच्या घरात आधीपासूनच होती. फक्त आम्ही ती विसरलो होतो. आम्ही पत्नीचे म्हणणे मान्य केले.

मान्य केले आणि दुसऱ्याच आठवड्यात फसलो.

हमरस्त्यालगत जुन्या गाड्यांचे एक दुकान आहे. तिथे एक लाल हॅचबॅक उभी होती. लाल रंग, काळे छत, चकचकीत चाके, आतून नव्या कोऱ्या सीट कव्हरांचा वास. तशा गाडीचा भाव इतरत्र पावणेतीन-तीन लाख चालू होता. इथे २ लाख १० हजार. दुकानदार म्हणाला, मालक परदेशी गेला आहे, म्हणून घाई आहे. उद्या सकाळी दुसरे गिऱ्हाईक येणार आहे. मुलगा ड्रायव्हरच्या जागेवर बसून भोंगा वाजवत होता. मुलगी मागे बसली होती. तिने सीटचा पट्टा ओढला, आणखी ओढला, शेवटपर्यंत ओढला आणि म्हणाली, "पप्पा, या पट्ट्याला चिखल कसा काय लागलाय?"

आम्ही तिला म्हणालो, "गप्प बस. दुसऱ्याच्या गाडीला हात लावू नको."

आणि ११ हजार रुपये इसार देऊन आलो. ते पैसे मुलीच्याच शिकवणीसाठी ठेवलेले होते. पगार झाला की भरून काढू, असा विचार केला. दुकानदाराने एक चिठ्ठी दिली. तीत इसार परत मिळणार नाही असे बारीक अक्षरात छापले होते. वस्तीतल्या माणसांना आम्ही नेहमी सांगतो, सही करण्याआधी कागद वाचा. आम्ही तो वाचला नाही.

आमच्या गल्लीत एस.टी.च्या दापोडी कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक मिस्त्री राहतात. त्यांना सगळे काका म्हणतात. आमच्या नशिबाने पत्नी हट्ट धरून बसली, की उरलेले पैसे देण्याआधी काकांना गाडी दाखवायची. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन गेलो. त्यांनी बॉनेट उघडले नाही, गाडी सुरू केली नाही. मागच्या दारातून आत वाकले आणि सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला. पट्ट्याच्या टोकाकडे, एरवी आत गुंडाळलेला राहतो त्या भागावर, मातकट रेघ होती. मग त्यांनी पायाखालचा गालिचा उचलून खाली हात घातला. बोटांना बारीक गाळ लागला. सीटखालचे स्क्रू गंजले होते. फ्यूजच्या डबीच्या कोपऱ्यात माती वाळून बसली होती.

"भाऊ," काका हळूच म्हणाले, "या गाडीच्या सीटपर्यंत पाणी चढलेले आहे. गाडी वरून बघू नका, खालून बघा."

पुण्यात राहणाऱ्यांना पाणी काय करते हे सांगायला नको. २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याचे पाणी वस्त्यांत आणि सोसायट्यांत शिरले. २०२४ च्या जुलैत सिंहगड रस्त्याच्या बाजूला तेच झाले. मुंबईत २६ जुलै २००५ चा पाऊस तर सर्वांना ठाऊक आहे. अशा वेळी खाली उभ्या गाड्या बुडतात. धुऊन, पुसून, नवी कव्हरे घालून त्यांतल्या काही पुन्हा बाजारात येतात. गाडी सुरू होते, चालतेही. पण आजच्या गाडीत तारांचे जाळे असते. पाणी शिरलेल्या जोडणीत गंज हळूहळू धरतो आणि दोष कधी, कुठे उमटेल हे सांगता येत नाही. एअरबॅग उघडायची की नाही हे ठरवणारी पेटी बहुतेक गाड्यांत मधोमध, खाली, पायांच्या उंचीवर असते. म्हणजे पहिल्यांदा बुडते ती तीच. मुलांना पावसापासून वाचवायला गाडी घ्यायची, आणि ती आधीच पावसात बुडालेली निघायची.

इसार परत मागितला. दुकानदाराने चिठ्ठी दाखवली. तीन खेपा घातल्या तेव्हा ५ हजार हाती आले. ६ हजार गेले ते गेले. पण सहा हजारांपेक्षा जास्त लागले ते दुसरेच. परत येताना मुलगी बसमध्ये म्हणाली, "मी सांगितलं होतं ना पप्पा, चिखल आहे म्हणून." यावर काय बोलणार? घरी आल्यावर आम्ही तिची माफी मागितली. ती लाजून आजीच्या मागे लपली. आम्ही आमच्या वहीत पहिला नियम लिहिला: पट्टा शेवटपर्यंत ओढून बघणे.

यानंतर गाडीचा विषय घरातल्या सगळ्यांसमोर घेतला. आई म्हणाली, चढता-उतरता आले पाहिजे. पत्नी म्हणाली, नीटस हवी, हे मी अजून सोडलेले नाही. मुलगी म्हणाली, निळी. मुलाला खिडकी हवी होती. काकांनी आपली अट घातली, की डिझेल नको. आमचे फिरणे महिन्याला तीन-चारशे किलोमीटरचे. एवढ्यासाठी डिझेल गाडी परवडत नाही, तिची बचत रोज लांब पल्ला मारणाऱ्याला. कंपनीबाहेर बसवलेला सी.एन.जी. संच असेल तर तो आर.सी.वर चढवलेला आहे का आणि सिलिंडरची तीन वर्षांची तपासणी झाली आहे का, हेही बघायचे. आम्हाला डिकी मोकळी हवी होती, म्हणून साधे पेट्रोलच ठरले.

मग शोध सुरू झाला. त्यात एक गोष्ट लक्षात आली, ती वाचकांनाही गमतीची वाटेल. देखण्या छोट्या गाड्या शोधायला आम्ही निघालो आणि त्यांतल्या कितीतरी आमच्याच अंगणात जन्मलेल्या निघाल्या. १९९८ साली आलेली टाटांची इंडिका पिंपरीची. शेवरोलेची बीट तळेगावची. फियाटची पुंटो रांजणगावची, तिचा आकार इटलीच्या जुजारो या नामांकित आरेखनकाराच्या हाताखालून आलेला. फोक्सवॅगनची पोलो चाकणची. या कारखान्यांत आपल्याच घरांतली मुले पाळी करून येतात.

देखण्या गाड्या जुन्या बाजारात स्वस्त का मिळतात, याचेही कोडे इथेच उलगडले. शेवरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणे थांबवले. तळेगावचा तो कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. फोर्डने २०२१ साली इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. तिची फिगो २०१० साली आलेली, चांगली मजबूत गाडी. पुंटोही आता बनत नाही. कंपनी गेली किंवा गाडी बंद झाली, की भाव पडतो. याउलट २००५ साली आलेली स्विफ्ट अजून नव्या रूपात बनते, गल्लोगल्ली तिचे भाग मिळतात, म्हणून ती जुनी झाली तरी लवकर उतरत नाही. तेव्हा स्वस्त आणि देखणी अशा गाडीचा भाव ऐकून लगेच हुरळून जाऊ नये. ती स्वस्त आहे ती बुडाली म्हणून, ठोकली म्हणून, की कंपनी गेली म्हणून, हे आधी शोधावे. पहिल्या दोन कारणांना हात जोडावेत. तिसऱ्या कारणाचा मात्र शांतपणे विचार करता येतो. तिचे भाग मिळतात का आणि ती खोलणारा मिस्त्री जवळ आहे का, एवढे दोन प्रश्न विचारायचे.

पण निर्णय झाला तो या हिशेबावर नाही. तो एका जुन्या बातमीवर झाला.

२०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून पाहिल्या. ऑल्टो ८००, नॅनो, आय टेन, फिगो आणि पोलो. पाचही गाड्या एअरबॅग नसलेल्या, सर्वांत स्वस्त प्रकारातल्या. पुढच्या सीटवरील मोठ्या माणसांच्या बचावाबाबत पाचही गाड्यांना मिळाले शून्य तारे. यांतल्या फिगो आणि पोलो यांचा सांगाडा टिकून राहिला होता, तरीही शून्यच, कारण पुढे माणसाला अडवणारे काही नव्हते. मग त्याच पोलोची दोन एअरबॅग असलेली गाडी आदळवली. तिला चार तारे मिळाले. आकार तोच, दिवे तेच, रंगही तसाच. बाहेरून बघणाऱ्याला फरक ओळखू येऊ नये, आणि आत बसलेल्याला मात्र जन्ममरणाचा फरक. कंपनीने त्यानंतर पोलोच्या सर्व प्रकारांत दोन एअरबॅग दिल्या.

सरकारचा नियम यायला पुढे काही वर्षे गेली. २०१९ च्या जुलैपासून चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली आणि २०२१ संपताना शेजारच्या सीटपुढचीही. म्हणजे त्याआधीची गाडी घ्यायची तर एअरबॅग आहे असे गृहीत धरून चालत नाही. प्रत्येक गाडीत ती आहे का हे विचारावे लागते. आम्ही पाहिलेल्या कितीतरी देखण्या गाड्यांत ती नव्हती. त्या गाड्यांना महागडी चाके होती, मोठे स्पीकर होते, छताला दिवे होते. जिथे पैसे घालायला हवे होते ती जागा मात्र रिकामी. आम्ही वहीत दुसरा नियम लिहिला: पुढे दोन एअरबॅग नसतील तर गाडीचा रंगसुद्धा बघायचा नाही.

या नियमाने यादी पटकन आखूड झाली. निगडीला एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याकडे २०१५ सालची पोलो होती. पेट्रोल, एकच मालक, ७४ हजार किलोमीटर चाललेली, वरच्या प्रकारातली, त्यामुळे एअरबॅगबरोबर ए.बी.एस.ही होते. रंग चंदेरी. मागणी २ लाख ९० हजार. काकांनी सकाळी सातची वेळ मागून घेतली, कारण इंजिन थंड असतानाच सुरू करून बघायचे असते. गरम करून ठेवलेले इंजिन खोड लपवते. पट्टे चारही ओढून झाले, स्वच्छ निघाले. दारांच्या फटी सारख्या आहेत का, बॉनेटचे नटबोल्ट पाना लावून उघडलेले दिसतात का, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, स्टीअरिंग सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, सगळे बघितले. क्लच, ब्रेक आणि पायापाशी झिजलेले रबर मीटरवरच्या आकड्याला शोभणारे होते. मीटर मागे फिरवता येते, पण झिजलेले रबर खोटे बोलत नाही, असे काका म्हणाले. मालकाने सर्व्हिसिंगच्या पावत्या तारीखवार फाईलला लावल्या होत्या. आमच्यातल्या कारकुनाला तिथेच गाडी आवडली.

उणेही होते. टायर दोन वर्षांत बदलावे लागतील असे होते. भाग मारुतीपेक्षा महाग. मागे पाय ठेवायला जागा कमी. आई म्हणाली, "मागच्या गाडीत बसायला सोपं होतं." तिने वॅगन आरमध्ये बसून पाहिले होते. ती उंच, गुडघ्यांना बरी. पण आमच्या पैशात बसणाऱ्या वॅगन आरमध्ये एअरबॅग नव्हत्या. शेवटी आईला पुढच्या सीटवर बसवले, सीट पूर्ण मागे सरकवली, तेव्हा तिला जमले. मागे बसणार दोन मुले आणि मध्ये त्यांची आई. मुलांना कमी जागा पुरते. मुलीचे पाय लांब होतील तोवर पतसंस्थेचे हप्ते फिटलेले असतील.

सौदा २ लाख ६२ हजारांना ठरला. ठरवलेल्या रकमेच्या दोन हजार वर गेलो, ते लाल शाईच्या ४० हजारांतून घेतले. इसार दिला तो मात्र कागद बघितल्यावर.

कागदांचे थोडे सविस्तर सांगतो, कारण आपली माणसे इथेच अडकतात. आर.सी.वरचा इंजिन आणि चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहा. आर.सी.वर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एन.ओ.सी. आणि फॉर्म ३५ घेऊन तो आधी उतरवून घ्या. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. नाव नंतर बदलू म्हणणाऱ्याचे ऐकू नका. अपघात झाला तर दोन्ही घरे कोर्टात जातात. गाडीवर थकलेले ई-चलान आहेत का, हे परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालून कळते. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायला अर्ज द्यायचा. विम्यातला नो क्लेम बोनस पहिल्या मालकाचा, तो गाडीबरोबर येत नाही. नोंदणी १५ वर्षांची असते. आमची २०३० ला संपेल. मग फेरनोंदणी, तपासणी आणि पर्यावरण कर आला. म्हणजे १४ वर्षांची गाडी स्वस्त मिळते ती फुकट स्वस्त नसते. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर इथला कर पुन्हा भरावा लागतो, तोही किमतीत धरावा.

सध्या पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. म्हणून इंधनाच्या रबरी नळ्या काकांकडून दर सर्व्हिसिंगला बघून घेतो. महिन्याला पेट्रोलला अडीच-पावणेतीन हजार जातात. हप्ता जवळपास पाच हजार. त्यासाठी आम्ही बाहेरचे खाणे आणि नवे कपडे यांत हात आखडला आहे. मुलीची शिकवणी मात्र पहिल्या पगारातच भरली.

गाडी घरी आली त्या दिवशी पत्नीने जुन्या निळ्या साडीची उशांची खोळ शिवून मागच्या सीटवर ठेवली. मुलीचा निळा रंग असा आला. मुलासाठी उंच बसायची सीट आणली. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाची सीट हवी, असा २०१९ पासून कायदाच आहे. आणि पुढे आईच्या मांडीवर मूल घेऊन बसणे ही आपली सवय एअरबॅग असलेल्या गाडीत तर फारच घातक. पहिली फेरी आईच्या इच्छेने देहूरोडच्या विहाराची झाली. तिने उतरताना दाराला हात लावून म्हटले, "तुझ्या वडिलांनी फडकं आणायला सांगितलं असतं." दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही फडके घेऊन बसलो.

गेल्या पावसाळ्यात येरवड्याहून पुन्हा रात्री परत येण्याची वेळ आली. हॅरिस पुलावर पाऊस तसाच कोसळत होता. शेजारून ट्रक गेला, पाणी काचेवर आदळले आणि वायपरने ते पुसले. आरशात पाहिले. मुलगा झोपला होता. डोके कलले होते, पण छातीवर पट्टा होता. मुलीने त्याच्या मानेखाली उशी सरकवली.

वाचकहो, गाडी म्हणजे मोठेपणा नव्हे आणि कर्ज काढून ती घ्यावीच असेही आमचे सांगणे नाही. बसने, मेट्रोने भागत असेल तर उत्तमच. पण घ्यायची वेळ आली तर देखणी घ्यायला लाजू नका. कष्टाच्या पैशाची वस्तू डोळ्यांना आवडली पाहिजे. फक्त तिचा रंग बघण्याआधी पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा. आणि बरोबरचे लेकरू काही विचारत असेल, तर त्याला गप्प बसवू नका.